अमेरिकेतल्या विद्यापीठाचा सुरक्षा अहवाल कसा वाचायचा, आणि काही घडलंच तर तक्रार कुठे करायची

माझ्या भाचीला अमेरिकेतल्या दोन विद्यापीठांत एमएससाठी प्रवेश मिळाला, तेव्हा तिच्या बाबांनी एक एक्सेल शीट बनवली होती. फी, स्कॉलरशिप, थंडी, नोकरीची शक्यता, सगळ्याचे रकाने होते. ‘सेफ्टी’ असाही एक रकाना होता आणि त्यात दोन्ही विद्यापीठांपुढे ‘चांगली’ एवढंच लिहिलेलं होतं. कशावरून, तर ओळखीतल्या कुणाचा तरी मुलगा तिथे शिकून आला होता आणि त्याला काही झालं नव्हतं.

त्या रात्री आम्ही दोन्ही विद्यापीठांचे सुरक्षा अहवाल उघडून बसलो. एका तक्त्यात ओळीने शून्य. बाबा खूश झाले. भाचीने मात्र अहवालातल्या नकाशावर बोट ठेवलं आणि विचारलं, “मावशी, मी ज्या अपार्टमेंटमध्ये राहणार आहे ते यात कुठे आहे?” ते त्यात नव्हतंच. रस्त्याच्या पलीकडे होतं, आणि नकाशाची रेघ रस्त्यावरच संपत होती.

मुलगा किंवा मुलगी अमेरिकेला निघालेल्या प्रत्येक घरासाठी हा लेख लिहिला आहे, तो त्या प्रश्नामुळे. अहवाल वाचायलाच हवा, पण त्यातला शून्य कशाचा आहे हे आधी समजून घ्यायला हवं.

हा अहवाल येतो कुठून

५ एप्रिल १९८६. पेनसिल्व्हेनियातल्या लीहाय विद्यापीठात पहिल्या वर्षाला असलेल्या १९ वर्षांच्या जीन क्लेरीवर तिच्या हॉस्टेलच्या खोलीत बलात्कार झाला आणि तिचा खून झाला. खुनी त्याच विद्यापीठाचा विद्यार्थी होता. तिच्या खोलीपर्यंत पोचायला त्याला आपोआप कुलूप लागणारी तीन दारं ओलांडावी लागली, आणि ती तिन्ही कुणीतरी उघडी अडकवून ठेवलेली होती. त्याआधीच्या तीन वर्षांत त्या कॅम्पसवर ३८ हिंसक गुन्हे झाले होते, हे तिच्या आईवडिलांना नंतर कळलं. प्रवेश घेताना त्यांना हे कुणीच सांगितलं नव्हतं.

कॉनी आणि हॉवर्ड क्लेरी या आईवडिलांनी मग कायद्यासाठी लढा दिला. १९९० मध्ये अमेरिकेच्या संसदेने कॉलेजांना दरवर्षी गुन्ह्यांचे आकडे जाहीर करायला लावणारा कायदा केला आणि १९९८ मध्ये त्याला जीनचं नाव दिलं. विद्यार्थ्यांसाठीच्या सरकारी आर्थिक मदतीच्या योजनेत सामील असलेल्या प्रत्येक कॉलेजला, सरकारी असो की खासगी, क्लेरी कायदा लागू होतो. म्हणजे आपली मुलं जातात त्यातली जवळपास सगळी विद्यापीठं यात आली.

पहिलं काम: अहवाल मिळवा

विद्यापीठाचं नाव आणि पुढे ‘ॲन्युअल सिक्युरिटी रिपोर्ट’ असं सर्च करा. कॅम्पस पोलिसांच्या पानावर पीडीएफ सापडते. दरवर्षी १ ऑक्टोबरपर्यंत नवा अहवाल काढणं बंधनकारक आहे आणि त्यात मागच्या तीन पूर्ण वर्षांचे आकडे असतात. २०२५ च्या अहवालात २०२२, २०२३ आणि २०२४. पीडीएफ सापडत नसेल तर ॲडमिशन ऑफिसला ईमेल करून मागा. प्रवेशाचा विचार करणाऱ्यालाही तो मागण्याचा हक्क आहे, कारण सांगावं लागत नाही. अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या ‘कॅम्पस सेफ्टी अँड सिक्युरिटी’ या संकेतस्थळावर अनेक विद्यापीठांचे आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहता येतात.

दुसरं: आकड्यांआधी नकाशा

कायदा फक्त ठरावीक जागांवरचे गुन्हे मोजतो. कॅम्पस, कॅम्पसवरची हॉस्टेलं, विद्यापीठाच्या किंवा मान्यताप्राप्त विद्यार्थी संघटनांच्या मालकीच्या किंवा ताब्यातल्या बाहेरच्या इमारती, आणि कॅम्पसला लागून असलेली सार्वजनिक जागा. या शेवटच्या प्रकाराची हद्द डोळ्यासमोर आणून पाहा. कॅम्पसच्या कडेचा फुटपाथ मोजला जातो, रस्ता मोजला जातो, सर्वसाधारणपणे पलीकडचा फुटपाथही. त्या फुटपाथवरून तुम्ही तुमच्या बिल्डिंगच्या जिन्यात पाऊल टाकलंत की मोजणी संपली. जिन्यात कुणी चाकू दाखवून फोन हिसकावला तर तो गुन्हा शहराच्या पोलिसांकडे नोंदला जाईल, विद्यापीठाच्या तक्त्यात येणार नाही.

एमएसला जाणारी आपली बहुतेक मुलं पहिल्या दिवसापासून चौघं मिळून खासगी अपार्टमेंटमध्ये राहतात, कारण ते स्वस्त पडतं. त्यामुळे विद्यापीठाचा नकाशा आणि अपार्टमेंटचा पत्ता गूगल मॅपवर एकत्र लावून बघा. लायब्ररी किंवा लॅबमधून रात्री अकराला घरी जायच्या वाटेतला किती भाग रेघेच्या आत आहे आणि किती बाहेर? बाहेरच्या भागासाठी शहर पोलिसांचा गुन्ह्यांचा नकाशा पाहायचा. अनेक शहरांचे पोलीस तो ऑनलाइन ठेवतात.

तिसरं: तक्ता वाचताना

तक्त्यात खून, बलात्कार आणि इतर लैंगिक गुन्हे, जबरी चोरी, गंभीर मारहाण, घरफोडी, वाहनचोरी आणि जाळपोळ असते. घरगुती हिंसा, जोडीदाराकडून होणारी हिंसा आणि पाठलाग यांच्या वेगळ्या ओळी असतात. द्वेषातून झालेले गुन्हे वेगळे दाखवतात. वंश, धर्म किंवा मूळ देश पाहून केलेला हल्ला त्यात येतो, म्हणून आपल्या मुलांनी ती ओळ सोडू नये. दारू, ड्रग्ज आणि शस्त्रं यांबद्दलच्या अटका आणि शिस्तभंगाच्या कारवायाही असतात.

काय नसतं तेही पाहा. लायब्ररीच्या टेबलावरून लॅपटॉप उचलून नेला, तर ती साधी चोरी झाली आणि ती या तक्त्यात मोजत नाहीत. तोच लॅपटॉप हॉस्टेलच्या खोलीत घुसून नेला तर ती घरफोडी, आणि ती मोजतात. सायकली, बॅगा, फोन अशा रोजच्या चोऱ्यांचा अंदाज या तक्त्यावरून येत नाही.

आणखी एक खाच अशी, की आकडा गुन्हा घडल्याच्या वर्षाचा नसून तो नोंदवला गेल्याच्या वर्षाचा असतो.

आता शून्याकडे येऊ. वीस-तीस हजार विद्यार्थ्यांच्या विद्यापीठात तीन वर्षं लैंगिक गुन्ह्यांची संख्या शून्य दिसली तर मला हायसं वाटत नाही, शंका येते. हा आकडा घडलेल्या गुन्ह्यांचा नाही, कुणीतरी पुढे येऊन सांगितलेल्या गुन्ह्यांचा आहे. जिथे तक्रार ऐकून घेतात, मुलीला चार ठिकाणी फिरवत नाहीत, तिथे जास्त जणी सांगतात आणि आकडा वाढतो. म्हणून नुसत्या आकड्यावरून एका विद्यापीठाला चांगलं आणि दुसऱ्याला वाईट ठरवू नका. तुलना करायचीच तर हजार विद्यार्थ्यांमागे किती हे काढा आणि तीन वर्षांत आकडा कसा हलला ते बघा. आकड्यापेक्षा जास्त वेळ पुढच्या पानांना द्या.

चौथं: कुणी उघडत नाही ती पानं

अहवालाची पाच-सहा पानं तक्त्यांची असतात, बाकी सगळं धोरण. लोक तक्ता पाहून पीडीएफ बंद करतात. मी त्या रात्री भाचीला उलटं करायला लावलं. धोरणाच्या पानांतून तिने हे प्रश्न सोडवायचे होते: रात्री तक्रार द्यायची तर कुठल्या नंबरावर? कॅम्पस पोलिसांना अटकेचे अधिकार आहेत की ते नुसते सुरक्षारक्षक आहेत? नाव न सांगता तक्रार करता येते का? कुणाशी बोललं तर ते गुप्त राहतं? रात्री सोबत करणारी एस्कॉर्ट सेवा किती वाजेपर्यंत आणि कुठपर्यंत येते, कॅम्पसच्या कडेपर्यंत की अपार्टमेंटच्या दारापर्यंत?

एका विद्यापीठाच्या अहवालात या सगळ्याची सरळ उत्तरं मिळाली. दुसऱ्याच्या अहवालात पानभर गोड भाषा होती, पण एस्कॉर्ट सेवेची वेळ कुठेच नव्हती. तिने ईमेल करून विचारलं, उत्तर बारा दिवसांनी आलं. तिच्या बाबांनी शीटमधलं ‘चांगली’ खोडून तिथे ते बारा दिवस लिहिले.

२०२४ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत हेझिंगविरुद्ध, म्हणजे आपल्या भाषेत रॅगिंगविरुद्ध, नवा केंद्रीय कायदा झाला आणि तो क्लेरी कायद्यालाच जोडला गेला. दोषी ठरलेल्या विद्यार्थी संघटनांची नावं असलेला अहवाल आता विद्यापीठाला संकेतस्थळावर ठेवावा लागतो. एखाद्या क्लबात किंवा फ्रॅटर्निटीत (विद्यार्थ्यांच्या खासगी मंडळात) शिरण्याआधी तिचं नाव त्यात आहे का ते पाहा.

पाचवं: रोजची नोंदवही

वार्षिक अहवाल जुना असतो, ताजी माहिती ‘डेली क्राइम लॉग’मध्ये मिळते. कॅम्पस पोलीस किंवा सुरक्षा विभाग असलेल्या प्रत्येक विद्यापीठाला ही नोंदवही ठेवावी लागते. तक्रार आल्यापासून कामकाजाच्या दोन दिवसांत तिची नोंद व्हायला हवी, आणि शेवटच्या ६० दिवसांच्या नोंदी ऑफिसच्या वेळेत कुणालाही पाहता आल्या पाहिजेत. वार्षिक तक्त्यात नसलेली लॅपटॉपची चोरी इथे सापडते. कॅम्पस पोलिसांची गस्त कॅम्पसबाहेर जात असेल, तर त्या भागातल्या त्यांच्याकडे आलेल्या तक्रारीही इथे दिसतात. अनेक विद्यापीठं ही वही ऑनलाइन ठेवतात. दोन महिन्यांच्या नोंदी एका बैठकीत वाचून होतात, आणि कुठल्या पार्किंगमध्ये, किती वाजता, काय घडतं याचा अंदाज येतो.

सहावं: पोचल्यावरचा पहिला आठवडा

अमेरिकन सिम घेतलं की त्याच दिवशी विद्यापीठाच्या पोर्टलवर नंबर बदला. प्रवेशाच्या वेळी भारतातला नंबर दिलेला असतो. तोच राहिला तर धोक्याचे मेसेज ड्रॉवरमध्ये पडलेल्या बंद सिमवर जातात. हे मेसेज दोन प्रकारचे असतात. ‘टाइमली वॉर्निंग’ म्हणजे गुन्हा घडला आहे आणि धोका अजून टळलेला नाही. ‘इमर्जन्सी नोटिफिकेशन’ म्हणजे आत्ता, या क्षणी धोका आहे. १६ एप्रिल २००७ ला व्हर्जिनिया टेकमध्ये ३२ जणांचा गोळीबारात बळी गेला. पहिल्या गोळीबारानंतर विद्यार्थ्यांना सावध करणारा ईमेल जायला दोन तासांहून जास्त वेळ लागला होता. तातडीच्या सूचनेची सक्ती कायद्यात आली ती त्यानंतर, २००८ मध्ये.

हॉस्टेलवर राहणाऱ्यांनी बेपत्ता झाल्यास कळवायच्या व्यक्तीचं नाव आणि नंबर नोंदवावा. ही माहिती विद्यापीठ गुप्त ठेवतं आणि ती आईवडिलांचीच असली पाहिजे असं नाही. विद्यार्थी २४ तास बेपत्ता असल्याचं ठरलं की त्या व्यक्तीला आणि पोलिसांना कळवणं विद्यापीठाला भाग आहे. मैत्रीण घरी आली नाही तर २४ तास थांबायचं, असा याचा अर्थ काढू नका. शंका आली की लगेच कळवा.

दोन पोलिसांचे नंबर फोनमध्ये घाला, कॅम्पसचे आणि शहराचे. जिवाला धोका असेल तर ९११, बाकी विचार नंतर.

सातवं: काही घडलंच तर

सगळ्यात आधी सुरक्षित जागी जा. मग विश्वासातल्या एका माणसाला बोलवा, जो पुढचे काही तास सोबत राहील.

लैंगिक अत्याचार झाला असेल तर जमल्यास आंघोळ करू नका, कपडे धुऊ नका. बदलले असतील तर कागदी पिशवीत ठेवा. प्लॅस्टिकमध्ये ओल धरते आणि पुरावा खराब होतो. हॉस्पिटलमध्ये फॉरेन्सिक तपासणी करून घेता येते. ती मोफत असते, आणि पोलिसांत तक्रार दिली नाही तरी करून मिळते. आज तक्रारीचा निर्णय होत नसेल तरी तपासणी करून ठेवावी, म्हणजे पुढचा रस्ता बंद होत नाही. जितक्या लवकर तितकं बरं, पहिल्या ७२ तासांत तर नक्कीच.

कुणाला सांगितलं की काय होतं, हे आधीच माहीत असू द्या. कॅम्पस पोलीस, डीन ऑफ स्टुडंट्स, हॉस्टेलचा रेसिडेंट असिस्टंट (मजल्यावर लक्ष ठेवणारा विद्यार्थी), खेळाचा कोच यांना ‘कॅम्पस सिक्युरिटी ऑथॉरिटी’ म्हणतात. त्यांच्या कानावर गुन्हा आला तर तो विद्यापीठाला कळवणं त्यांना बंधनकारक आहे. आकडेवारीत नाव जात नाही. कौन्सेलिंग सेंटरमधला व्यावसायिक समुपदेशक समुपदेशकाच्या भूमिकेत ऐकत असतो तेव्हा त्याला यातून सूट आहे. नुसतं मन मोकळं करायचं असेल तर आधी तिथे जा. लैंगिक छळ किंवा अत्याचाराची औपचारिक तक्रार टायटल नाइन कोऑर्डिनेटरकडे, म्हणजे लैंगिक भेदभावाविरुद्धच्या कायद्याचं काम पाहणाऱ्या विद्यापीठातल्या अधिकाऱ्याकडे होते.

आता ती नकाशाची रेघ पुन्हा आठवा. लैंगिक अत्याचार, जोडीदाराची हिंसा, घरगुती हिंसा किंवा पाठलाग यांतलं काही तुमच्याबाबतीत घडलं आणि तुम्ही विद्यापीठाला सांगितलंत, तर ते कॅम्पसच्या आत घडलं की बाहेर, याने फरक पडत नाही. तुमचे हक्क आणि पर्याय विद्यापीठाला लेखी द्यावेच लागतात. वर्ग बदलणं, राहण्याची जागा बदलणं, कॅम्पसवरच्या नोकरीची जागा किंवा वेळ बदलणं, यांतलं जे शक्य आहे ते मागितल्यावर करून द्यावं लागतं, पोलिसांत तक्रार दिलेली नसली तरीही. चौकशी झालीच तर सोबत आपल्या पसंतीचा सल्लागार नेता येतो. अपार्टमेंट तक्त्याबाहेर होतं म्हणून मदतही मिळणार नाही, असं समजून गप्प बसू नका. मला हे सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे, कारण अशी गप्प बसलेली मुलगी मी पाहिली आहे. घरमालकाचा मुलगा रोज तिच्या मागे यायचा. “हे कॉलेजच्या बाहेरचं आहे” म्हणून तिने पूर्ण सेमिस्टर कुणाला सांगितलं नाही.

दुसरी भीती व्हिसाची. आपल्यावर गुन्हा झाला म्हणून तक्रार देणं हे एफ-१ व्हिसाच्या कुठल्याही अटीचं उल्लंघन नाही. व्हिसाचं स्टेटस अडचणीत येतं ते दुसऱ्याच कारणाने. मन खचतं, वर्गात बसवत नाही, आणि मुलं परस्पर कोर्स ड्रॉप करतात. पूर्णवेळ अभ्यासक्रमाची अट तिथे मोडते. कोर्स सोडायच्या आधी इंटरनॅशनल ऑफिसमधल्या डीएसओला, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या व्हिसाचं काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याला भेटा. डॉक्टरांच्या किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टच्या पत्रावर अभ्यासाचा भार कमी करायची परवानगी मिळते, एका पदवीच्या काळात एकूण १२ महिन्यांपर्यंत. परवानगी आधी, ड्रॉप नंतर.

प्रत्येक भेटीनंतर त्याच दिवशी एक छोटा ईमेल पाठवा: आज अमुक वाजता भेटलो, मी हे सांगितलं, तुम्ही हे करतो म्हणालात. तोंडी आश्वासनाला तारीख नसते, ईमेलला असते.

विद्यापीठ दाद देत नसेल तर

नोंदवही दाखवत नाहीत, लेखी हक्क देत नाहीत, गुन्हा मोजत नाहीत, अशी तक्रार शिक्षण खात्याच्या ‘फेडरल स्टुडंट एड’ विभागाकडे करता येते. खातं चौकशी करतं आणि दंड लावतं. मिशिगन स्टेट विद्यापीठाला २०१९ मध्ये ४५ लाख डॉलर, लिबर्टी विद्यापीठाला २०२४ मध्ये १ कोटी ४० लाख डॉलर दंड झाला. मात्र क्लेरी कायद्याखाली विद्यार्थ्याला स्वतः कोर्टात दावा लावता येत नाही. लैंगिक भेदभावाच्या तक्रारीसाठी त्याच खात्याचं ‘ऑफिस फॉर सिव्हिल राइट्स’ आहे, आणि तिथे साधारणपणे घटनेपासून १८० दिवसांत जावं लागतं. तारीख डायरीत लिहून ठेवा.

भारतातल्या आईबाबांसाठी

मूल कॉलेजात गेलं की त्याच्या शैक्षणिक नोंदींवरचा हक्क अमेरिकी कायद्याने त्याचा स्वतःचा होतो. तुम्ही फोन केलात तर ऑफिस नम्रपणे नकार देईल. जिवाच्या किंवा आरोग्याच्या धोक्यात विद्यापीठ पालकांशी बोलू शकतं, पण बोललंच पाहिजे असं नाही. निघण्याआधी मुलाशी बोलून ठरवा, आणि त्याची तयारी असेल तर पालकांना माहिती द्यायच्या संमतीचा फॉर्म भरून ठेवायला सांगा. परराष्ट्र खात्याच्या ‘मदद’ पोर्टलवरही त्याची नोंदणी करा.

भारतातून ९११ लावलं तर ते अमेरिकेत लागत नाही. पोलिसांचा पूर्ण दहा अंकी नंबर, सुरुवातीला +१ लावून, आधीच घरात लिहिलेला हवा. मूल फोन उचलत नाही आणि रूममेटही उचलत नाही, असं झालं तर त्या नंबरवर फोन करून ‘वेलफेअर चेक’ मागायचा, म्हणजे पोलीस घरी जाऊन दार वाजवतात. त्यांना सांगायला हाताशी हे असू द्या: पूर्ण नाव, जन्मतारीख, अपार्टमेंट नंबरसह पत्ता, शेवटचं बोलणं कधी झालं ते तिथल्या वेळेनुसार, रूममेटचं नाव, काही आजार किंवा औषधं.

माझ्या बहिणीच्या फ्रिजवर हा कागद लावलेला आहे. गेल्या जानेवारीत भाचीने घर बदललं, तेव्हा बहिणीने पत्ता खोडून नवा लिहिला. दुसऱ्या दिवशी भाचीने आठवण करून दिली की आई, पोलिसांचा नंबरही बदल, नवं घर शेजारच्या शहराच्या हद्दीत येतं.